हळद राखायचे दीड हजार

मिनती गराईला मी बारा हजारांवरून नऊ हजारांवर आणलं, तेव्हा मला माझंच फार कौतुक वाटलं होतं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर वर्तमानपत्रातून डोकं न काढता तो नुसता "वा" म्हणाला. सव्वीस वर्षं हा माणूस इथे बंगालमध्ये, काल्न्यात, बटाट्याचं शीतगृह सांभाळतोय, त्याच्या उत्साहाचं तापमानही त्याच बेताचं असतं. मी मात्र त्या दिवशी हवेत होते.

भाव करायचं काम माझ्या गळ्यात आपोआप पडलं होतं. आमच्या गोसाईंपाड्यात मला सगळे 'मराठी बौदी' म्हणतात. बौदी म्हणजे वहिनी. मराठी बौदी मासेवाल्याला रडवते अशी माझी ख्याती आहे, आणि ती मी कष्टाने मिळवलेली आहे. समोरच्या मंदिराबौदीच्या मुलीचं, टुसीचं, माघात लग्न ठरलं. मुलगा नदीपलीकडचा, शांतिपूरचा. मांडव, आचारी, फुलं, सगळ्यांशी मंदिराबौदी स्वतः बोलली. पण टुसीला नटवणाऱ्या मिनतीशी बोलायची वेळ आली तेव्हा तिने माझा हात धरला.

"तू जा ग. मला तिच्याशी पैशाचं बोलवत नाही. आमच्या अंगणात खेळलेली पोर ती. तिला 'किती घेशील' असं कसं विचारू?"

"म्हणजे मी परकी, म्हणून मी विचारू?"

"तू परकी नाहीस. तुला लाज कमी आहे."

इतक्या प्रेमाने सांगितल्यावर नाही कसं म्हणणार?

मिनती आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. वय सेहेचाळीस, ठेंगणी, अंगाने भरलेली, जाड भिंगांचा चष्मा. दुसऱ्यांना नटवून पोट भरणाऱ्या ह्या बाईच्या स्वतःच्या चेहऱ्यावर मी कधी पावडरचा कण पाहिलेला नाही. तिच्या वडिलांचं बाजारात माशांचं दुकान होतं. इकडे लग्नाच्या सकाळी मुलाच्या अंगाला लावलेली हळद मुलीकडे जाते. हळदीबरोबर साड्या, मिठाई आणि एक मोठा रोहू मासा जातो. हा रोहू अगदी नवरी होऊन जातो. अंगावर लाल साडीचा तुकडा, नाकात नथ, कपाळाला टिकली, तोंडात विड्याचं पान. चौदाव्या वर्षी मिनती दुकानामागे बसून असे रोहू नटवायची. पुढेपुढे लोक मासा दुसरीकडून घ्यायचे आणि नटवायला हिच्याकडे आणायचे. वडील दुकानात बसून त्या लोकांना शिव्या घालायचे आणि घरी आल्यावर पोरीचं कौतुक करायचे.

एकोणिसाव्या वर्षी तिने पहिली नवरी नटवली. पाड्यातल्या ज्या एक वहिनी मुलींच्या कपाळावर चंदनाची नक्षी काढायच्या, त्यांना ऐन लग्नाच्या दिवशी कांजिण्या निघाल्या. कुणीतरी म्हणालं, ती गराईची पोर बोलवा, मासा एवढा देखणा करते तर माणूस का नाही करणार? मिनती गेली आणि तीन तास लवंगेच्या देठाने चंदनाचे ठिपके काढत बसली.

"माशाला घाम येत नाही आणि तो रडत नाही, एवढाच काय तो फरक, बौदी," ती मला एकदा म्हणाली होती. "बाकी त्या दिवशी दोघांनाही कुणी काही विचारत नाही."

तिथून पुढे पंचवीसेक वर्षं पाड्यातल्या प्रत्येक मुलीच्या कपाळावरून तिचा हात फिरला. फुकट. ती पाड्याची बहीण, बहिणीला पैसे कोण देतं? लोक एक छापील साडी द्यायचे आणि घरच्या बायकांच्या पंगतीत बसवून आग्रह करकरून जेवायला घालायचे. तिच्या कपाटात अशा एक्केचाळीस साड्या होत्या. मी विचारलं म्हणून तिने मोजून दाखवल्या. त्यातली एक माझ्या मुलीच्या लग्नातली होती, शेवाळी रंगाची, घडी न मोडलेली. ती वर आली तेव्हा मी खिडकीबाहेर बघायला लागले.

मधे तिने कानातले विकून कोलकात्याला सहा महिने रीतसर शिक्षण घेतलं. नवरा हातमागावर साड्या विणतो, आणि माग वर्षातले सहा महिने गप्प असतो, त्यामुळे हे धाडस तिने कुणाच्या भरवशावर केलं कोण जाणे. पण शिकली, आणि नदीपलीकडून बोलावणी यायला लागली. शांतिपुरात तिला 'मॅडम' म्हणतात, घाटावर रिक्षा पाठवतात, ठरलेले पैसे पाकिटात घालून देतात. नदीच्या अलीकडे मात्र ती 'आमची मिनती' ती मिनतीच.

दोन वर्षांपूर्वी धीर करून तिने पाड्यातल्या एका घरी दर सांगितला. त्यांनी कुरकुरत का होईना, दिला. पण जेवायच्या वेळी तिचं पान घरच्या बायकांत नव्हतं. मागे पत्र्याची शेड होती, दिवेवाले आणि बँडवाले तिथे जेवत होते, तिला तिथे बसवलं. मुद्दाम अपमान करायचा असं कुणाच्या मनात नव्हतं. पैसे घेणारी माणसं शेडमध्ये बसतात, हिने पैसे घेतले, संपलं. त्या दिवशी संध्याकाळी ती माझ्याकडे येऊन बराच वेळ बसली.

"दिवेवाल्यांबरोबर जेवायला मला कमीपणा नाही, बौदी. चांगली माणसं आहेत, मला दोन रसगुल्ले जास्त वाढले त्यांनी. पण ज्या घराच्या स्वयंपाकघरात मी सात वर्षांची असल्यापासून पाय पसरून बसलेय, तिथली सून मला म्हणते, 'मिनतीदी, तुमचं तिकडे.' आणि सगळ्या जणी बघत होत्या. तुम्हीही होतात."

होते. मी तेव्हा चटणीतले खजूर वेचून खात होते.

टुसीचं लग्न ठरलं तेव्हा मिनतीने मला सरळ सांगितलं होतं, शांतिपुरात एक खोली बघून ठेवलीय, आगाऊ पैसेही दिलेत. "इथे पैसे घेतले की माणसं जातात, माणसं धरून ठेवली की पैसे जातात. मला दोन्ही हवंय. मंदिराबौदीच्या घरी शेवटचं बघते. जमलं तर इथेच राहीन, नाहीतर वैशाखात नदी ओलांडून जाईन. मग काल्न्याला कशाला यायचं?" जन्मली त्या गल्लीतून ही बाई चंबूगबाळं आवरून निघणार होती. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरीही मी भाव करायला गेले. मासे घेताना जशी जीभ आपोआप चालते, तशी चालली.

तिने वहीच्या कागदावर सगळं नीट लिहून ठेवलं होतं.

"लग्नाच्या साजाचे सात हजार. साडी आणि केस माझ्या हाताखालची हासी करते, तिचे एक हजार. दुसऱ्या दिवशी पाठवणीचा साज, दीड हजार. आधी एकदा सगळा रंग बसवून बघायचा, त्याचे हजार. हळद राखायचे दीड हजार."

"सात हजार? तोंडाला रंग फासायचे?"

"यंदा माघात मुहूर्त किती आहेत, सांगा."

"असतील आठ-दहा."

"सात. पौषात एक नाही, चैत्रात नाही, भाद्रपदात नाही. टुसीची तारीख घेतली की त्या दिवसाची दुसरी नवरी मला मेली."

"शुभ बोल ग!"

"तुमचा आचारी एका दिवशी तीन मांडवांत माणसं पाठवतो. मला दोनच हात आहेत, ते एका दिवशी एकाच तोंडावर चालतात. आणि हे डबे बघा. एकदा उघडला की वर्षाच्या आत संपवायचा, नाहीतर फेकायचा. जुनं लावलं आणि टुसीचे डोळे सुजले, तर मला गल्लीतून चालू द्याल तुम्ही?"

मी घाईने खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "रंग बसवून बघायचा म्हणजे काय? जन्मापासून तिचं तोंड बघतेयस."

"तोंड बघितलंय. घाम कुठे येतो ते नाही बघितलं."

"काढून टाक ते. आणि हे हळद राखायचे दीड हजार? हळद काय पळून जाते?"

"मी सकाळीच येऊन बसते. हळद यायच्या आधी चेहऱ्याला तेल लावून ठेवते. मग कोण काय फासतंय त्यावर लक्ष ठेवते. हातापायांना हवी तेवढी लावा, चेहऱ्याला नुसतं बोट टेकवायचं."

"म्हणजे नुसतं बसून राहायचे दीड हजार."

"हो. बसून राहायचेच."

"मिनती, बसायला आम्ही आहोत. त्या घरात अकरा बायका आहेत, सगळ्या बसूनच असतात."

ती हसली. मी पिशवीतून पेन काढलं आणि दोन्ही ओळींवर रेघ ओढली. साडेनऊ हजार झाले, वरचे पाचशेही उडवले. मिनतीने चष्मा पुसून कागद पुन्हा वाचला आणि म्हणाली, "बरं, बौदी. पण रेघ तुम्ही मारलीत, मी नाही."

लग्नाच्या सकाळी नदीवर असं धुकं पडलं की घाटावर उभं राहून पाणी दिसेना. पलीकडून साडेआठला निघायची हळद बोटी बंद म्हणून तिकडेच अडकली. टुसी पहाटे दही-पोहे खाऊन उपाशी बसली होती, आणि हळद लागल्याशिवाय आंघोळ नाही. अकरा वाजले, बारा वाजले. पाऊण वाजता शांतिपूरची मंडळी रोहूला मिरवत आली खरी, पण बोटीत चढताना झालेल्या गर्दीत हळदीची वाटी कलंडली होती. तळाला चमचाभर उरली होती.

टुसीची आत्या, नमिता पिशी, आसनसोलहून येऊन चार दिवसांपासून घराचा ताबा घेऊन बसली होती. तिने वाटीत डोकावून बघितलं आणि निकाल दिला.

"घाबरताय काय? एक थेंबसुद्धा पुरे. मुलाच्या अंगाला लागलेली आहे ना? मग ती ज्यात मिसळली ते सगळं त्याच्या अंगाला लागलेलंच."

शास्त्राला धरून होतं ते. पिशी आचाऱ्याच्या पोत्यातून वाडगाभर हळदपूड घेऊन आली, मोहरीच्या तेलात कालवली, वर तो पवित्र चमचा ओतला. उशीर झाला होता, सगळ्यांना घाई. अकरा बायका टुसीवर तुटून पडल्या. बारावी मी. तिच्या दोन्ही गालांना मी ह्या माझ्या हातांनी हळद चोळली, आणि वर म्हणाले, "काय तेज चढलंय पोरीला!"

तेज आंघोळीनंतर कळलं. त्या पुडीत हळद किती आणि रंग किती, हे त्या आचाऱ्यालाच ठाऊक. टुसी न्हाणीतून बाहेर आली ती कपाळापासून गळ्यापर्यंत पिवळीधमक, कानांच्या पाळ्या तर नारिंगी. पुन्हा साबण लावला, काही फरक नाही. तिने आरशात बघितलं, आधी हसली, मग रडायला लागली. पिशी लिंबू चिरायला धावली. पिशीचा हात धरून तिला थांबवताना मला एकदम मिनतीची ती ओळ आठवली. बसून राहायचेच, असं ती म्हणाली होती. आम्ही बारा जणी होतो, आणि बघत एकही नव्हती.

सव्वादोन झाले होते. लग्न सहा चाळीसला. मिनती साडेतीनला यायची होती. मी चप्पल न घालता गल्लीच्या टोकापर्यंत पळाले. वय चोपन्न, गुडघे त्याहून मोठे.

मिनती आणि हासी पेटी भरत होत्या. मी धापा टाकत सगळं सांगितलं.

"हळद कुठली?" मिनतीने एवढंच विचारलं.

"आचाऱ्याची."

तिने डोळे मिटून घेतले. मग पेटी उचलली आणि माझ्या पुढे चालायला लागली.

मंदिराबौदीच्या अंगणात सगळ्या बायका गोळा झाल्या होत्या. मिनती उंबरठ्याशी थांबली. पेटी खाली ठेवली, ब्लाउजमधून तो वहीचा कागद काढला आणि माझ्यासमोर धरला.

"बौदी, ती ओळ परत लिहा."

कुणालाच आधी काही कळलं नाही. कळलं तेव्हा पिशीचा आवाज चढला. "अशा वेळी? आत पोरगी रडतेय आणि ही बाई पैसे मागतेय! बरी वेळ साधलीस ग. आणि म्हणे घरची!"

कागद मागे काही घेतला नाही मिनतीने.

"घरची आहे म्हणूनच बोलते, पिशी. टुसीला अशी टाकून मी जाणार नाही. तुम्ही लिहा नाहीतर लिहू नका, काम मी करणारच. पण आज हे असंच केलं, तर उद्या पाड्यात सगळे म्हणतील, मिनती तोंडाने दर सांगते, शेवटी फुकटच करते. म्हणून सांगते, काम आहे ते. त्याला काम म्हणा."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मंदिराबौदी आपल्या पायांकडे बघत होती. मासेवाल्याला रडवणारी मी, पदराचं टोक पिळत उभी राहिले. तेवढ्यात आतल्या खोलीच्या खिडकीत टुसी आली, ओल्या केसांची, पिवळी, नाक लाल झालेली.

"आई, सकाळी आचाऱ्याने गॅसचे दोन सिलिंडर जास्त मागितले, तेव्हा तू 'का' म्हणून विचारलं नाहीस. आणि हा रंगही त्याचाच आहे!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मी कागद गुडघ्यावर ठेवून लिहायला बसले. हळदीची ओळ लिहिली, आणि लाजेपोटी दीड हजाराच्या जागी अडीच हजार टाकले. मिनतीने ते वाचलं, माझ्या हातातलं पेन घेतलं, अडीच खोडून दीड लिहिलं.

"दर माझा आहे, बौदी. तुम्ही तो कमी करायचा नाही आणि वाढवायचाही नाही."

मग ती आत गेली आणि दार लावून घेतलं. मला आत घेतलं, कारण गरम पाणी आणायला कुणीतरी हवं होतं. खोबरेल चोळायचं, गरम पंच्याने टिपायचं, दूध आणि बेसन लावायचं, पुन्हा टिपायचं. ती घाई करत नव्हती, आणि घासत तर मुळीच नव्हती. मधेच तिने टुसीला खडीसाखरेचं सरबत पाजलं. "उपासाला चालतं हे. नवरी पाटावर चक्कर येऊन पडली तर माझं नाव जाईल." टुसी रडायची थांबली. चार वाजेपर्यंत बराचसा पिवळेपणा उतरला, पण नाकाच्या कडा, केसांची रेषा आणि कान काही हार मानेनात.

तेव्हा तिने पेटीतून एक छोटा डबा काढला. आत फिकट जांभळं काहीतरी होतं. नेमकी तेव्हाच पिशी दार ढकलून आत आली.

"अग, जांभळं फासतेय ही! आता पोरगी वांग्यासारखी दिसणार!"

"पिशी," मिनती मान वर न करता म्हणाली, "तुम्ही तिला पिवळी केलीत तेव्हा मी मधे बोलले का?"

पिशी खाटेवर बसली. आणि आमच्या डोळ्यांदेखत जांभळ्याखाली पिवळं नाहीसं झालं. कसं ते मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही रंग एकमेकांना खाऊन टाकतात, असं मिनती म्हणते. उरली ती टुसीची स्वतःची सावळी कातडी. "जरा उजळ कर की," पिशी आता हळू आवाजात म्हणाली. "नवऱ्या मुलाने हिला बघून होकार दिलाय," मिनती म्हणाली, "आज दुसरीच कुणी दिसली तर तो कुणाला माळ घालील?" मग ती लवंगेचं देठ चंदनात बुडवून कपाळावर वाकली. तासभर तिचा हात थांबला नाही. हासीने बनारसी नेसवली. सहा वीसला टुसीच्या डोक्यावर मुकुट चढला.

भावांनी पाट उचलून टुसीला नवऱ्याभोवती सात वेळा फिरवलं. तोंडापुढची विड्याची पानं तिने बाजूला केली, दोघांनी एकमेकांकडे बघितलं, शंख वाजले. मी मात्र खांबाआड उभ्या असलेल्या मिनतीकडे बघत होते. तिची नजर टुसीच्या नाकाच्या शेंड्यावर खिळली होती. घाम तिथे येत होता. रंग बसवून बघायची ती हजाराची ओळ मी काढली नसती, तर हे तिला आधीच कळलं असतं. दर थोड्या वेळाने ती गर्दीतून घुसायची, टिपकागद टेकवायची आणि परत यायची. होमाचा धूर झाला, टुसी कन्यादानाला रडली, बाप रडला, पिशी तर मोठ्याने रडली. टुसीचा चेहरा होता तसा राहिला. इतकी सुंदर मुलगी मी आमच्या गल्लीत पाहिली नव्हती, आणि त्यात माझ्या मुलीलाही धरलंय.

जेवायला थांब म्हटलं, तर मिनती म्हणाली, घरून जेवून आलेय. दुपारपासून ती माझ्या डोळ्यांसमोर होती, कधी जेवली असेल? तिला कुठे बसवतील ते बघायची तिची हिंमत नव्हती, मला कळलं ते. आणि खरं सांगायचं तर माझीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाठवणीच्या साजासाठी त्या दोघी अकराला आल्या. एक वाजता टुसी तयार झाली. मंदिराबौदी ओसरीवर आली आणि तिने मिनतीच्या हातात साडेदहा हजार ठेवले, सगळ्यांसमोर. मिनतीने मोजले, हासीचे हासीला दिले, उरलेले पेटीत ठेवले. ओसरीवर घरच्या बायकांची पानं मांडली जात होती. मागच्या बाजूला आचाऱ्याची आणि फुलांची माणसं जेवायला बसली होती. हासी आधीच तिकडे गेली होती. मिनतीने पेटी उचलली, पदर खोचला आणि मागच्या बाजूला चालायला लागली. कुणी वाट दाखवायच्या आत तिने स्वतःच वाट धरली. मी हाक मारायला तोंड उघडलं.

"ए मिनती!" हाक पिशीची होती. "तिकडे कुठे निघालीस? इकडे ये, माझ्या शेजारी बस. फाल्गुनात माझ्या नातीचं आहे. दर काय तुझा?"

मिनती वळली, पण जागची हलली नाही. "बारा हजार. आसनसोलला जायचं म्हणजे गाडीभाडं वेगळं."

"त्यात हळद राखायचं आलं?"

"आलं."

"मग ठीक. ये, बस आता. आणि ह्या मराठी बाईला जरा लांब बसवा कुणीतरी, मधे बोलायची सवय आहे हिला."

सगळ्या हसल्या, मीही. मंदिराबौदी उठली, मिनतीच्या हातातली पेटी घेऊन तिने ती आपल्या खोलीत नेऊन ठेवली आणि पिशीच्या शेजारी पान मांडलं. मिनती अजून उभीच.

"हासी तिकडे बसलीये," ती म्हणाली. "आम्ही दोघी काम करतो."

हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, माझ्याही नाही. मग मंदिराबौदी स्वतः मागे गेली आणि हासीला हाताला धरून घेऊन आली. पिशीने तोंड वाकडं केलं, पण सरकली. पाठोपाठ आम्ही सगळ्या सरकलो.

मिनती माझ्याच बाजूला आली, कारण मला काही कुणी लांब बसवलं नाही. डाळभात कालवता कालवता ती हळूच म्हणाली, "बौदी, शांतिपूरच्या खोलीवाल्याला उद्या नाही म्हणून सांगते. आगाऊ दिलेले पैसे देईल का हो तो परत? जरा खडूस माणूस आहे."

मला इतका आनंद झाला की घास हातातच राहिला.

"पहिल्या बोटीने जाऊ," मी म्हटलं. "तू काही बोलू नकोस. त्याच्याशी मी बोलते."